अडगळ काढावी, माणूस दुखवू नये

दिवाळी महिन्यावर आली की मराठी घरांत आवराआवरीचे वारे वाहू लागतात. माळ्यावरचे डबे खाली येतात, पितळी भांडी चिंचेने उजळली जातात, गाद्या उन्हात पडतात. याच दिवसांत अनेक घरांत एक मूक संघर्षही सुरू होतो. 'हे सगळे एकदाचे काढून टाकू या' असे मुले-सुना म्हणतात आणि 'राहू द्या, लागेल कधीतरी' असे आजी-आजोबा म्हणतात. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य असते, म्हणूनच वाद मिटत नाही. कधी सामान तसेच राहते आणि घरातील चालण्याची वाट दरवर्षी वीतभर अरुंद होते. कधी ज्येष्ठ मंडळी गावाला गेली असताना माळा रिकामा केला जातो. घर मोकळे होते, पण मनात एक गाठ बसते.

या सदरात आपण आज घराच्या आवराआवरीचा विचार शोभेच्या अंगाने करणार नाही, आरोग्याच्या अंगाने करणार आहोत. उतारवयात अडगळीचा संबंध थेट हाडांशी, श्वासाशी, औषधांशी आणि मनःस्वास्थ्याशी येतो. हे लेखन ज्येष्ठांसाठी आहे, तसेच त्यांची काळजी वाहणाऱ्यांसाठीही आहे. दोघांनी ते एकत्र बसून वाचावे, ही विनंती.

वस्तू साठतात त्या का?

काळजी वाहणाऱ्यांनी प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आज सत्तरी-ऐंशीत असलेली पिढी टंचाईच्या काळात वाढली. रेशनच्या रांगा, १९७२ चा दुष्काळ, परदेशातून आलेला लाल मिलो, नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळणारी स्कूटर किंवा दूरध्वनी, हे सारे त्यांनी अनुभवले आहे. त्या काळी वस्तू टाकून देणे हा उधळेपणा मानला जाई. भांड्याला कल्हई होत असे, छत्रीची काडी बदलली जाई, जुन्या लुगड्याची गोधडी होई आणि उरलेल्या कपड्यांवर बोहारीण नवे भांडे देऊन जाई. दोरीचा तुकडा, बटणांची डबी, मिठाईचे रिकामे खोके यांतील प्रत्येक वस्तूला पुढचा जन्म ठरलेला असे. साठवण हा त्या पिढीचा संसारधर्म होता आणि त्यावरच अनेकांची शिक्षणे झाली, घरे उभी राहिली.

आज परिस्थिती पालटली आहे. वस्तू घरात येण्याचा वेग वाढला आणि घराबाहेर जाण्याच्या जुन्या वाटा बंद झाल्या. बोहारीण क्वचित येते, कल्हईवाला दिसत नाही, वाड्यातील मोठ्या खोल्यांची जागा दोन खोल्यांच्या सदनिकेने घेतली. सवय तीच राहिली आणि जागा आक्रसली. त्यामुळे अडगळीबद्दल ज्येष्ठांना दोष देणे अन्यायाचे आहे. तितकेच खरे हेही की, ज्या काटकसरीने घर उभे केले तिच्याच ढिगाला अडखळून घरधनी पडावा, हेही कोणाला नको असते.

आधी वाट, मग कपाट

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लक्ष ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात आणि जीवघेण्या पडण्याचे प्रमाण साठीपुढील व्यक्तींत सर्वाधिक असते. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात, दृष्टी मंद असते, पायांतील संवेदना मधुमेहामुळे कमी झालेली असू शकते. रक्तदाबाच्या किंवा लघवी अधिक होण्याच्या गोळ्यांमुळे उठताक्षणी डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी दुमडलेल्या सतरंजीचा एक काठही पुरेसा होतो. खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, अंथरुणाला खिळणे, त्यातून न्यूमोनिया, पायांत रक्ताच्या गुठळ्या, शय्याव्रण अशी संकटांची मालिका सुरू होऊ शकते. ज्येष्ठांचे स्वावलंबन अनेकदा अशा एकाच प्रसंगात हरपते.

म्हणून आवराआवरीचा आरंभ कपाटापासून करू नये. तो जमिनीपासून करावा. पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंतची वाट ही घरातील सर्वांत महत्त्वाची वाट होय, कारण ती मध्यरात्री, झोपेच्या गुंगीत आणि घाईने चालली जाते. ही वाट एकदा रात्रीच्या अंधुक उजेडात स्वतः चालून पाहावी. पायाला काय लागते, हात कशाचा आधार शोधतो, दिव्याचे बटण कोठे आहे, हे टिपून ठेवावे. मग पुढील गोष्टी कराव्यात.

चालण्याची वाट साधारण तीन फूट रुंद आणि मोकळी असावी, म्हणजे काठी किंवा वॉकर घेऊनही जाता येते. सुटी पायपुसणी आणि गुंडाळणाऱ्या सतरंज्या काढाव्यात. न्हाणीघरापाशी पायपुसणे हवेच असेल तर खालून रबर असलेले, न सरकणारे घ्यावे. पंखा, मोबाइल, टीव्ही यांच्या लोंबणाऱ्या तारा भिंतीलगत बांधाव्यात. चपलांना दारामागे ठरलेली जागा असावी. न्हाणीघरातील जास्तीच्या बादल्या, पिंपे, रिकाम्या बाटल्या हलवाव्यात आणि भिंतीत पक्का बसवलेला आधारदांडा लावून घ्यावा. टॉवेलची दांडी माणसाचा भार पेलण्यासाठी नसते. रात्री वाटेवर मंद दिवा तेवत असावा.

दुसरा नियम उंचीचा. रोज लागणारी प्रत्येक वस्तू कंबर आणि खांदा यांच्या दरम्यानच्या फळीवर असावी. साखरेचा डबा वरच्या फळीवर आणि जड कुकर ओट्याखाली तळाशी असेल, तर दिवसातून चार वेळा टाचा उंचावणे आणि चार वेळा वाकणे ओघानेच आले. स्वयंपाकघरातील शोभेचे डबे वर जाऊ द्यावेत आणि चहा-साखर, औषधे, नित्याची दोन पातेली मधल्या फळीवर यावीत. साठीनंतर स्टुलावर चढून माळा आवरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ते काम घरातील तरुणाने करावे, किंवा पैसे देऊन करून घ्यावे. त्यावर खर्च होणारे पैसे वाया जात नाहीत.

तिसरी वाट घराच्या उंबरठ्याबाहेरची असते. इमारतीच्या जिन्यात आणि व्हरांड्यात जुनी कपाटे, चपलांची मांडणी, कुंड्या, लहान मुलांच्या सायकली ठेवण्याची प्रथा पडली आहे. रुग्णवाहिका दाराशी आल्यावर स्ट्रेचर जिन्यात वळत नाही, तेव्हा या सामानाची किंमत कळते. आग लागल्यास तीच वाट सर्वांच्या सुटकेची असते. सोसायटीच्या सभेत हा विषय ज्येष्ठांनीच मांडावा. त्यांच्या शब्दाला वजन असते.

धूळ, पाणी आणि उपद्रवी जीव

अडगळीत धूळ साचते आणि धुळीत डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कीटक वाढतात. दमा आणि ॲलर्जी असलेल्यांना त्यांचा विशेष त्रास होतो. पलंगाखाली कोंबलेल्या जुन्या गाद्या, उशा, वर्तमानपत्रांचे गठ्ठे हे त्यांचे वसतिस्थान. झुरळे आणि उंदीर यांनाही असाच आडोसा लागतो. धूळ कोरड्या झाडणीने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. दम्याचा त्रास असलेल्या व्यक्तीने त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसावे.

बाल्कनीतील आणि गच्चीवरील अडगळ पावसाळ्यानंतर अधिक घातक होते. डेंग्यूचा फैलाव करणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. फुटका माठ, जुने टायर, कुंडीखालची ताटली, शीतपेटीमागचे भांडे एवढे पाणी त्याला पुरते. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतात, म्हणून भांडे नुसते उपडे करून भागत नाही, आतून घासावे लागते. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याचा सल्ला आरोग्य विभाग देतो तो यासाठीच.

कपड्यांच्या पेटीतील डांबराच्या गोळ्यांविषयीही सावध असावे. त्यांतील नॅप्थालिनची वाफ बंद खोलीत सतत हुंगणे बरे नव्हे. लहान मुलांना त्या गोळ्या खाऊसारख्या वाटतात आणि पोटात गेल्यास रक्तातील तांबड्या पेशींना इजा होऊ शकते. नातवंडे येणार असतील तर त्या हाताशी राहता कामा नयेत. कसर लागू नये म्हणून कपड्यांना ऊन दाखवणे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवणे ही जुनी रीत अधिक निर्धोक आहे.

औषधांचा डबा

घरातील सर्वांत लहान आणि सर्वांत धोकादायक अडगळ औषधांच्या डब्यात असते. दोन वर्षांपूर्वीच्या खोकल्याचे औषध, अर्धवट राहिलेली प्रतिजैविके, दिवंगत जोडीदाराच्या गोळ्या, शेजाऱ्यांनी 'मला गुण आला' म्हणून दिलेली पट्टी असे सारे एकत्र नांदत असते. यातून होणारी एक चूक विशेष ओळखून ठेवावी. एकच औषध वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. डॉक्टर बदलले, नाव बदलले, नवी गोळी सुरू झाली आणि जुनीही चालूच राहिली, तर रक्तदाबाचे किंवा मधुमेहाचे औषध दुप्पट जाते. चक्कर, घाम, शुद्ध हरपणे यांचे मूळ कधी कधी या डब्यात सापडते.

म्हणून वर्षातून दोनदा सर्व औषधे टेबलावर मांडावीत. सध्या चालू असलेली औषधे चिठ्ठीप्रमाणे वेगळी करावीत. शंका वाटणारी प्रत्येक पट्टी पिशवीत घालून पुढच्या तपासणीला डॉक्टरांपुढे ठेवावी. स्वतःच्या मनाने कोणतेही चालू औषध बंद करू नये. पट्टीवर मुदतीची तारीख बहुधा एकाच टोकाला छापलेली असते, म्हणून गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढाव्यात, म्हणजे तारीख शेवटपर्यंत वाचता येते. डोळ्यांत घालण्याच्या थेंबांची बाटली उघडली की तिच्यावर दिनांक लिहावा. बहुतेक थेंब उघडल्यावर महिनाभरातच वापरायचे असतात. उघडलेल्या इन्सुलिनच्या बहुतेक कुप्यांची मुदतही सुमारे २८ दिवसांची असते. आपल्या औषधाची नेमकी मुदत वेष्टनावर पाहावी किंवा औषधविक्रेत्याला विचारावी.

मुदत संपलेली औषधे, पाऱ्याचा जुना तापमापक, सीएफएल दिवे हा घरगुती घातक कचरा आहे. तो ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नये, वेगळ्या पिशवीत बांधून कचरा नेणाऱ्यांना सांगून द्यावा. इन्सुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवाव्यात आणि झाकण पक्के लावून, वर ठळक लिहून द्याव्यात. आपला कचरा कोणाच्या तरी हातांतून जातो, याचे भान हा स्वच्छतेचाच भाग आहे.

कागद फाडण्यापूर्वी

रद्दीवाला दाराशी उभा असताना कागद निवडू नयेत. जुन्या फायली हे ज्येष्ठांच्या घरातील मोठे ओझे असते, पण त्यांत मोलाचे कागद दडलेले असतात. खरेदीखत, सोसायटीचे भागप्रमाणपत्र, सात-बाराचे उतारे, निवृत्तिवेतनाचा आदेश, विमापत्रे, ठेवींच्या पावत्या, मृत्युपत्र, जन्म-विवाह-मृत्यूचे दाखले हे सारे एका पेटीत आणावे आणि पेटीवर आतील कागदांची यादी चिकटवावी. कागदी शेअर प्रमाणपत्रे जुनी दिसली तरी रद्दीत देऊ नयेत. सलग सात वर्षे लाभांश न घेतलेले शेअर सरकारी गुंतवणूकदार निधीकडे वर्ग होतात, पण वारसांना योग्य कागद दाखवून ते परत मागता येतात. दहा वर्षे हात न लावलेल्या बँकखात्यांतील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तीही परत मिळवता येते. अशा ठेवींचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले आहे. जुने पासबुक हाती लागले तर घरातील कोणाला तरी तेथे नाव शोधावयास सांगावे.

वैद्यकीय कागदांतही निवड करावी. रुग्णालयातून घरी सोडतानाचे कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद, ॲलर्जीची नोंद आणि जुना हृदयालेख जपून ठेवावा. छातीत दुखू लागल्यावर नव्या आलेखाशी पडताळून पाहण्यासाठी जुना आलेख डॉक्टरांना फार उपयोगी पडतो. दहा वर्षांपूर्वीच्या साखरेच्या प्रत्येक चाचणीची चिठ्ठी मात्र ठेवण्याचे कारण नाही. टाकायच्या कागदांवर आधार क्रमांक, खाते क्रमांक किंवा स्वाक्षरी असेल तर ते बारीक फाडूनच द्यावेत.

नोव्हेंबर हा निवृत्तिवेतनधारकांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. दिवाळीची आवराआवर आणि या कागदांची जुळवाजुळव एकाच सुमारास केली, तर दोन्ही कामे मार्गी लागतात.

आणखी एक सूचना. साडीच्या घड्या, पुस्तकांची पाने, डाळीचे डबे, उशांचे अभ्रे तपासल्याखेरीज काहीही बाहेर देऊ नये. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेला पैसा आणि एखादा दागिना अशाच जागी असतो. १९ मे २०२३ रोजी चलनातून मागे घेण्याची घोषणा झालेल्या दोन हजारांच्या नोटा सापडल्या तर निराश होऊ नये; मुंबई, बेलापूर आणि नागपूर येथील कार्यालयांसह रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांतून त्या स्वीकारण्याची सोय करण्यात आली.

'टाकू का?' असे विचारू नये

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. वस्तू काढायच्या कोणी आणि कशा? उत्तर सरळ आहे. हात तरुणाचे असावेत, निर्णय मालकाचा असावा. ज्याची वस्तू, त्याचा शब्द अखेरचा. माळ्यावरचा गंजका डबा सुनेला गंजका दिसतो. सासूबाईंना त्यात त्यांच्या आईने पाठवलेले पहिले लाडू दिसत असतात. तो डबा न विचारता गेला, तर त्या डब्यासाठी कदाचित रडणार नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून उरलेल्या वस्तूंची पुरचुंडी बांधून गादीखाली ठेवू लागतील. हरवलेला विश्वास अडगळ वाढवतो, कमी करीत नाही.

विचारण्याच्या पद्धतीने फार फरक पडतो. 'हे टाकू का?' या प्रश्नाचे स्वाभाविक उत्तर 'नको' हेच असते. 'हे कोणाला द्यावे?' असे विचारले की वृद्ध मन देण्याचा विचार करू लागते, आणि देणे हे त्या पिढीला साठवण्याइतकेच ठाऊक आहे. 'आजी, ही पैठणी तुमच्या मनात कोणासाठी आहे?' या प्रश्नातून एक गोष्ट बाहेर येते, एक नाव बाहेर येते आणि पैठणी आनंदाने घराबाहेर जाते. वस्तूमागची हकीकत ऐकून घेण्यासाठी पाच मिनिटे काढावीत. जमल्यास छायाचित्र घेऊन दोन ओळी वहीत लिहाव्यात. पुष्कळदा माणसाला वस्तूपेक्षा तिची गोष्ट विसरली जाण्याची धास्ती अधिक असते.

बैठक छोटी असावी. सकाळी न्याहारीनंतर, उजेडात, खुर्चीवर बसून, एका वेळी एकच खण आवरावा. वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. 'ठेवायचे', 'द्यायचे', 'टाकायचे' आणि 'नंतर ठरवू' असे चार भाग करावेत. 'नंतर ठरवू'च्या खोक्यावर दिनांक लिहावा आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. निर्णय घेऊन मन थकते. चिडचिड सुरू झाली की काम त्या दिवसापुरते थांबवावे. आठवड्याला एक खण म्हटले तरी वर्षात बावन्न खण होतात.

ज्येष्ठांनाही एक विनंती. आपल्या वस्तूंचे काय व्हावे, हे आपण असतानाच सांगावे. हयातीत स्वतःच्या हाताने दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या घरी मानाने राहते. मागे राहिलेला ढीग मात्र दुःखात असलेल्या मुलांना घाईघाईने उपसावा लागतो, आणि भावंडांतील कटुतेला त्यातून निमित्त मिळते. मौल्यवान वस्तू देताना सर्वांच्या समक्ष द्यावी आणि यादीत नोंद करावी. आपल्या परंपरेत पतंजलींनी यमांमध्ये अपरिग्रह आणि नियमांमध्ये शौच सांगितले आहे. हे दोन्ही शब्द संन्याशांपुरते नाहीत. दोन खोल्यांच्या सदनिकेतही ते आचरता येतात.

जोडीदार गेल्यानंतर त्याच्या वस्तूंबाबत घाई करू नये. नातेवाईक 'डोळ्यांसमोर नको' म्हणून तेराव्यालाच कपाट रिकामे करतात. हेतू चांगला असतो, पण शोकाला आपली गती असते. औषधे आणि कागदपत्रे तेवढी लगेच वेगळी करावीत. चष्मा, स्वेटर, काठी यांना वेळ द्यावा, आणि एखादी वस्तू कायमची राहिली तर राहू द्यावी.

काढलेले कोठे द्यावे?

वस्तू चांगल्या ठिकाणी जाणार हे कळले की हात सैल होतो. वॉकर, चाकांची खुर्ची, रुग्णाचा पलंग यांसाठी अनेक गावांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे आहेत. ती गरजूंना असे साहित्य नाममात्र मोबदल्यात वापरायला देतात. पुस्तके आणि जुने दिवाळी अंक जवळच्या ग्रंथालयाला आधी विचारावेत. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली पाडली. त्या परंपरेतील जुने अंक हवे असणारे संग्राहक आजही आहेत. पुण्यासारख्या शहरात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था जुन्या वस्तू आणि ई-कचरा गोळा करते. इतरत्र पालिकेकडे चौकशी करावी. कपडे देताना धुऊन, बटणे लावून द्यावेत. फाटके कपडे दान म्हणून देऊ नयेत, त्यांची फडकी करावीत. वायर उघडी पडलेला पाणी तापवण्याचा रॉड, ठिणग्या उडणारी इस्त्री अशा वस्तू मात्र कोणालाही देऊ नयेत. धोका एका घरातून दुसऱ्या घरात पाठवणे हे दान नव्हे.

साठवण केव्हा आजार ठरते?

काही घरांत प्रश्न सवयीच्या पलीकडे गेलेला असतो. पलंगावर झोपायला जागा उरत नाही, न्हाणीघर सामानाने भरते, रिकाम्या पिशव्याही टाकताना असह्य घालमेल होते. हा साठवणुकीचा विकार असू शकतो. २०१३ साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही त्यास स्वतंत्र स्थान मिळाले. त्याचा आरंभ बहुधा तरुणपणी होतो आणि वयानुसार तो वाढत जातो. जन्मभर टापटिपीने राहिलेली व्यक्ती उतारवयात एकाएकी वस्तू गोळा करू लागली, लपवू लागली, अंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष करू लागली, तर मात्र स्मृतिभ्रंश, नैराश्य किंवा मेंदूतील अन्य बिघाडाची शंका घेऊन लवकर तपासणी करावी.

अशा व्यक्तीच्या अपरोक्ष सारे घर साफ करणे हा उपाय नव्हे. घर पुन्हा भरते आणि बोलण्याची वाट बंद होते. समुपदेशन, मूळ आजारावरील औषधे आणि संथ, संमतीने होणारी आवराआवर यांचा उपयोग होतो. मनःस्वास्थ्यासाठी 'टेलिमानस'चा १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा 'एल्डरलाइन'चा १४५६७ हे दोन्ही राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहेत.

स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या घरात आणखी एक पथ्य पाळावे. खोलीची मांडणी एकदम बदलू नये. ओळखीचे कपाट, ओळखीची खुर्ची, देवांची ठरलेली जागा या त्यांच्यासाठी दिशादर्शक खुणा असतात. वाटेतील धोके तेवढे दूर करावेत, खणांवर आतील वस्तूंची चित्रे लावावीत, आणि चष्मा, काठी, पाण्याचा तांब्या यांच्या जागा अढळ ठेवाव्यात.

नीटनेटकेपणा टिकवण्यासाठी

एकदा आवरलेले घर टिकते ते छोट्या नेमांनी. एक नवी वस्तू आली की तशीच एक जुनी बाहेर जावी. रद्दी महिन्याला द्यावी. प्लॅस्टिकचे डबे झाकणांसह मोजून ठेवावेत. रात्री निजण्यापूर्वी पाच मिनिटे जमिनीवरचे सामान उचलावे आणि वाट मोकळी आहे ना, हे पाहावे. घर चकचकीत दिसलेच पाहिजे असा आग्रह नको. भिंतीवर जुनी छायाचित्रे असोत, कोपऱ्यात पितळी घंगाळ असो, शेल्फवर वाचून जीर्ण झालेली पोथी असो. राहत्या घराच्या या खुणा आहेत, त्या जपाव्यात.

या पंधरवड्यात आपण फक्त दोन कामे करावीत. आज रात्री पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंतची वाट मोकळी करावी आणि येत्या रविवारी औषधांचा डबा टेबलावर उपडा करावा. बाकीचे खण वाट पाहू शकतात.